तीन न उघडलेल्या बरण्या

आईच्या ओट्याखालच्या कप्प्यात एकोणीस बरण्या होत्या. सहा चिनी मातीच्या, त्यातल्या एकीचा कान तुटलेला. दहा काचेच्या, धुऊन पालथ्या घातलेल्या, पैकी दोन बिनझाकणाच्या. आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, तीन बरण्या गोड लिंबाच्या लोणच्याच्या, भरलेल्या, सील न तुटलेल्या, लेबलावर माझं वाक्य: 'झाकण घट्ट, चव ताजी.' रविवार होता, मी झुरळांच्या गोळ्या ठेवायला वाकले होते. कप्प्यात ओलसर सिमेंटचा आणि जुन्या वर्तमानपत्राचा वास होता. मी डोकं तसंच आत ठेवून त्या तीन बरण्या पुन्हा मोजल्या, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर आकडा बदलेल. बदलला नाही. तिन्ही मीच आणल्या होत्या, वेगवेगळ्या महिन्यांत, ऑफिसातून कौतुकाने. आणि दर वेळी पुढच्या आठवड्यात आई फोनवर म्हणाली होती, "छान झालंय हो तुमचं लोणचं."

"आई, या उघडल्याच नाहीस?"

"उघडायच्यात." ती कोथिंबीर निवडत होती. मान वर केली नाही.

"मग छान झालंय म्हणालीस ते?"

"तुमचं आहे म्हणजे छानच असणार. मी काय वेगळं सांगू?" मग काड्या एका बाजूला सारत, जसं काही त्याच वाक्याचा पुढचा भाग असावा, तसं ती म्हणाली, "गोदूबाई येत नाही ना आता."

मासे विकणाऱ्या गोदूबाईचा आणि लोणच्याचा काय संबंध, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मग जे कळलं ते साधं होतं. बाबा होते तोवर बरण्या बाबा उघडायचे. बाबा गेल्यावर गोदूबाई. ती उरणकडून टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये यायची, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची, आणि बांगडे-मांदेलीच्या घासाघिशीत एकेका मजल्यावरून एकेक बरणी खाली यायची. कुणाचा जॅम, कुणाची कॉफी, कुणाचं लोणचं. गोदूबाई हात लुगड्याला पुसायची, झाकण फिरवायची, परत द्यायची. गेल्या वर्षी तिच्या मुलाला, मिथुनला, न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कायमची नोकरी लागली, तेव्हापासून ती फिरत नाही, उरण नाक्याच्या बाजारात ओट्यावर बसते. आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बरण्या तेव्हापासून बंद आहेत. हे सगळं आईने अशा आवाजात सांगितलं, की जसं नळाला पाणी दुपारी येत नाही हे सांगावं. मी तिच्या हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या बुडाशी सांधा थोडा वर आलेला होता. तो तसा केव्हापासून होता, हे मला सांगता आलं नसतं.

आज, त्या रविवारनंतर बऱ्याच महिन्यांनी, वडाळे तलावाजवळच्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात मी टेबलामागे बसले आहे. टेबलाला शिकंजा घट्ट बसवला आहे, शिकंज्यात बरणी, बरणीखाली टॉर्क मीटर. माणसाने फक्त झाकण फिरवायचं. ते सुटेपर्यंत जास्तीत जास्त किती जोर लागला, तो आकडा मीटर धरून ठेवतं. माझ्या शेजारी सत्यजीत बसला आहे, माझा जुना साहेब, आता माझा ग्राहक. पांढरा शर्ट, मनगटावर धावण्याचं घड्याळ. समोर वीस-बावीस आजी-आजोबा, कॅरमचा आवाज थांबलेला. आणि शेवटच्या खुर्चीत आई, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, एकावर एक, असे ठेवलेले की अंगठे दिसणार नाहीत. आजच्या आकड्यांवर माझं काम राहणार की संपणार हे ठरायचं आहे. पण मला मधूनमधून दिसतात ते आईचे ते झाकलेले अंगठे.

ते वाक्य चांगलं होतं. अजूनही मला ते चांगलं वाटतं. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी मार्केटिंगमध्ये गेले, तेव्हा आमच्या सरांनी चष्मा काढून डोळे चोळले होते. बेलापूरच्या ऑफिसात माझं काम शब्द लिहायचं होतं: डब्यांवरचे, पाकिटांवरचे, दुकानातल्या पुठ्ठ्यांवरचे. मला ते आवडायचं. एखाद्या द्रावणात थेंब थेंब आम्ल सोडत जावं आणि एका थेंबाला रंग बदलावा, तसं चार शब्दांचं व्हायचं. एक काढला, एक हलवला, की अचानक बसायचं. त्या वर्षी कंपनीच्या बरण्यांमधून पाक गळत होता. पळस्प्याच्या कारखान्यातून निघालेला ट्रक गोव्याच्या रस्त्याला लागला की खोकी हिंदकळायची आणि दुकानदार चिकट खोकी परत पाठवायचे. कारखान्याने झाकणं आणखी आवळली. गळणं थांबलं. सत्यजीत म्हणाला, "आता ह्याचं काहीतरी सोनं कर." मी डबा खाता खाता लिहिलं: झाकण घट्ट, चव ताजी. त्याने ते मोठ्याने वाचलं, मग परत हळू वाचलं, आणि म्हणाला, "मिताली, हे छापायचं." पळस्पे फाट्याला त्याचं होर्डिंग लागलं. मी मुद्दाम रिक्षाने तिथे गेले, ट्रकांच्या धुळीत उभी राहून खालून वर बघितलं. अक्षरं माझ्या उंचीपेक्षा मोठी होती. रिक्षावाल्याने विचारलं, "कुणाची वाट बघताय का मॅडम?" मी म्हटलं, नाही. तो अभिमान खरा होता, आणि आज शेजारी सत्यजीत बसलेला असतानाही मी तो खोडून टाकत नाही. वाक्यात खोटं काही नव्हतं. झाकण घट्टच होतं. किती घट्ट, आणि कुणाच्या हाताला, हे वाक्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी तीनपैकी दोन बरण्या पिशवीत घालून पळस्प्याला गेले. कारखान्यात तपासणी विभागात रोशनी आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मीटरला नावाने हाक मारणारी. तिने सांगितलं की सील केल्यावर दुसऱ्या दिवशी झाकण उघडून बघतात आणि आकडा एक पूर्णांक तीनच्या आसपास येतो. न्यूटन-मीटर. हातभर नाही, वीतभरही नाही, दहा सेंटिमीटरच्या दांडीला किलोभर साखरेची पिशवी टांगली तर दांडीच्या बुडाशी जेवढा पीळ बसेल, साधारण तेवढं एक. आईची पहिली बरणी लावली. चार पूर्णांक तीन. रोशनी म्हणाली, "बंड्या बिघडला." बंड्या म्हणजे मीटर. तिने तो शून्यावर आणला, दुसरी लावली. चार पूर्णांक एक. ती खुर्चीत मागे टेकली. मी झाकण उलटं करून उजेडात धरलं. आतल्या आट्यांमध्ये एक कडक, तपकिरी, काचेसारखी कड बसली होती. नखाने काढली, तर तिचा पापुद्रा निघाला. मी तो जिभेवर ठेवला. "ए, हे सँपल आहे," रोशनी म्हणाली. आधी काहीच चव लागली नाही, मग लिंबाची साल, आणि मग साखर, नुसती साखर, दातांत करकरणारी. बरणी भरताना नळीच्या तोंडाशी लटकलेला पाकाचा थेंब काठावर पडत होता, झाकण त्याच्यावर बसत होतं, आणि महिन्यामहिन्याने त्याचा डिंक होत होता. दुसऱ्या दिवशी तो अजून ओला असतो. म्हणून दुसऱ्या दिवशीचा आकडा बरोबर. कारखाना खोटं बोलत नव्हता. तो फक्त लवकर मोजत होता, आणि दुसऱ्या दिवशी लोणचं कुणी उघडत नाही.

जिभेवर ती साखर विरघळत असताना मला एक ओलं फडकं आठवलं, ओलं म्हणजे पिळून घट्ट केलेलं. मी सात-आठ वर्षांची, चवड्यांवर बसलेली, समोर चिनी मातीची बरणी, आणि आई पळीने लोणचं भरतेय. बरणी भरली की माझं काम सुरू. काठ पुसायचा. आतून एक बोट खोल, बाहेरून मानेपर्यंत, मग कोरड्या फडक्याने परत. "चिकट राहिलं तर मुंग्या येतील," आई म्हणायची, आणि मला ते मुंग्यांसाठीच वाटायचं. फडक्यातून काठाचा गुळगुळीतपणा कळायचा, आणि कुठे पाक राहिला असेल तर तिथे फडकं अडायचं. त्या अडण्याची मजा वाटायची, ते शोधून काढायची. मी पुसत असे त्या बरण्या आईने कधी कुणाकडे उघडायला दिल्या नाहीत. तिचा सांधा तेव्हा ठीक होता हेही खरं, त्यामुळे हा काही पुरावा होत नाही. पण कुठे बघायचं, ते मला तिथेच कळलं. पळस्प्याच्या तपासणी विभागात, तोंडात साखर ठेवून, मला असा आनंद झाला की मी रोशनीला तसंच बसलेलं ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. होर्डिंग बघताना झाला होता त्याच जातीचा. फक्त या वेळी मान वर करावी लागत नव्हती.

मग एक गोष्ट होती जिला उत्तर नव्हतं. इतक्या बरण्या विकल्या गेल्या आणि तक्रार एकही कशी नाही? मी आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये दारोदार विचारलं. दुसऱ्या मजल्यावरच्या हेतलच्या सासूबाईंनी बरणी दाखवली, झाकणाला सुरीने भोक पाडलेलं. "मारो हाथज काम नथी करतो," त्या म्हणाल्या, आणि मग मराठीत, "वय झालं ना." शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, ऑपरेशननंतर माझा हात असा झालाय. एकजण म्हणाल्या, मी पहिल्यापासूनच कमकुवत. प्रत्येकीने झाकणाला सोडून स्वतःच्या हाताला नावं ठेवली होती. हाताची तक्रार कुठल्या कंपनीच्या नंबरवर करणार? रोशनीकडून बंड्या घरी आणून मी आईला त्यावर हात लावायला लावला, न फिरणाऱ्या झाकणावर, जमेल तेवढ्या जोराने. एक पूर्णांक सहा. ती म्हणाली, "कमी आहे ना?" मी म्हटलं, "नुसता आकडा आहे." "म्हणजे कमी आहे," ती म्हणाली, आणि पदराने हात पुसला, काही लागलेलं नसताना.

सत्यजीतने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. ऐकताना तो डोळे बारीक करतो आणि ते नाटक नसतं. शेवटी म्हणाला, "रबरी ओपनर फुकट देऊ. प्रत्येक दोन बरण्यांवर एक. राखीपौर्णिमेला स्कीम. 'भावाची आठवण आली की ओपनर.' लिही ना." वाक्य माझ्या डोक्यात लगेच जुळायला लागलं, हे मी नाकारत नाही. दोन शब्द बसलेसुद्धा. पण माझ्या जिभेवर पापुद्रा होता. मी म्हटलं, मला नळी बदलायची आहे. तो म्हणाला, ते मार्केटिंगचं काम नाही. मी म्हटलं, माहितीये. राजीनामा मी त्याच महिन्यात दिला, आणि पुढच्या महिन्यात त्याच कंपनीच्या त्याच दारातून पाहुण्यांचा पास गळ्यात घालून आत गेले. कार्डावर छापलं होतं: मिताली, इनोव्हेशन कन्सल्टंट. करार लहान होता. नळी बदला, बरण्या चार महिने ठेवा, मग मोजा. आकडा दुसऱ्या दिवसाच्या जवळपासच राहिला, म्हणजे निकाल आला, तर पुढचं काम, इतर उत्पादनांचंही. "आणि नाही आला," सत्यजीतने सही करता करता म्हटलं, "तर तुझी खुर्ची आहेच. मी कुणाला देत नाही." तो प्रेमाने म्हणाला होता. ती रिकामी खुर्ची चार महिने माझ्या मागेमागे फिरली. खारघरच्या मैत्रिणी विचारायच्या, "म्हणजे नक्की करतेस काय तू?" मावशी म्हणाली, "सल्ले द्यायला पैसे मिळतात? मग मी तर कोट्यधीश व्हायला हवी." आई मात्र कुणी विचारलं की सांगायची, "ती बरण्या दुरुस्त करते." मी दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं. त्यापेक्षा अचूक मलाही सांगता येत नव्हतं.

नळीचं काम रोशनी आणि मी केलं, कारखान्याच्या फिटरबरोबर. आधी काठ पुसायला माणूस ठेवून बघितला, पण बरण्या त्याच्यासाठी थांबत नाहीत. मग नळीने शेवटचा थेंब परत आत ओढून घ्यावा अशी सोय केली, आपण गरम चहाचा घोट घेताना ओठांनी करतो तशी. पहिल्या दिवशी मी भरलेल्या बरण्यांच्या काठांवरून बोट फिरवत गेले. कुठेच अडलं नाही. पण चार महिने म्हणजे चार महिने. ते ढकलता येत नाहीत. बरण्या मी प्रयोगशाळेत ठेवल्या नाहीत, घरांत ठेवल्या, ओट्याखाली, गॅसच्या शेजारी, जिथे त्या खरोखर असतात. आमच्या कप्प्यातही ठेवल्या, त्याच मागच्या रांगेत, त्या उरलेल्या तिसऱ्या जुन्या बरणीच्या बाजूला. कधी दुपारी एकटी असताना मी कप्पा उघडून नुसती बघायचे. काच काही सांगत नव्हती.

सकाळपासूनचे आकडे मी पुटपुटत नाही, फक्त लिहिते. एक पूर्णांक दोन, एक पूर्णांक चार, एक पूर्णांक पाच, परत एक पूर्णांक चार. सत्यजीत प्रत्येक वेळी मान वाकवून बघतो. एक आजोबा झाकण उघडून ते डोक्यावर धरून दाखवतात, हशा होतो. त्या हशातच दारातून गोदूबाई येते, बाजार आटोपून, कपाळावर घाम, हातात रिकामी पाटी. मीच बोलावलं होतं. ती आईला बघून थेट तिच्याकडे जाते.

"शशीताई, आमाला विसरलाव तुमी. जिती हाय का नाय, बघायलाव येत नाय."

"तूच येत नाहीस की बिल्डिंगमध्ये."

"कशाला येव? बरण्या उघडाला?" ती हसते, टेबलाशी येते, बरणीला हात घालते आणि मी मीटर शून्यावर आणायच्या आत झाकण काढून माझ्या हातात देते. "ह्यो काय उघडाचा? ह्या त नुसता ठेवलेला हाय."

"गोदूबाई, थांबायचं होतं, आकडा गेला ना."

"माजा आकडा नको लिऊ तू. माज्या हातान तुजी परीक्षा नाय होवाची."

ते खरंच होतं. तिचा हात मोजणीबाहेरचा होता, आणि इतकी वर्षं एका अख्ख्या बिल्डिंगची तक्रार त्याच हाताने परस्पर मिटवली होती. मला तिचा राग आला नाही, हसूही आलं नाही. एखादा नियम समोर उभा असल्यासारखं वाटलं. ती आईच्या शेजारी जाऊन बसली, पाटी पायाशी.

आता फक्त आई उरली होती. मी नाव घेतलं. ती उठली नाही. "माझं राहू दे," ती म्हणाली. "बाकीच्यांचं झालं ना सगळ्यांचं." थंडीत तिचा सांधा जास्त दुखतो. सकाळी तिने चहाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललेलं मी बघितलं होतं, आणि एक पूर्णांक सहा हा आकडा उन्हाळ्यातला होता. लोकांसमोर हात हरू नये एवढंच तिला हवं होतं. मलाही तेच हवं होतं, आणि मला निकालही हवा होता. सत्यजीत माझ्याकडे झुकला, आवाज खाली. "पिशवीत कालच भरलेली आहे ना एक? आईंना ती दे. त्यांना बरं वाटेल, फोटो पण चांगला येईल. निकालात नको धरूस." पिशवीत होती. रोशनीने तुलनेसाठी दिलेली. माझा हात पिशवीच्या बंदापाशी होता, तो मी टेबलावर ठेवला.

"नको," मी म्हटलं.

"अगं, आई आहे तुझी."

"म्हणूनच."

आईने ते ऐकलं. तिचे कान चांगले आहेत. ती उठली, पर्स गोदूबाईच्या मांडीवर दिली. गोदूबाई म्हणाली, "जा. नाय उघडला त मी हाय." "तू नकोस," आई म्हणाली, "तू बस." ती टेबलाशी आली, रांगेत उरलेल्या बरण्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आपल्या ओट्याखालची यातली कुठली?" मी दाखवली. "तीच लाव."

मी बरणी शिकंज्यात बसवली. मीटर शून्यावर आणलं आणि तिला दाखवलं. तिने हात पदराला पुसला. आधी नुसता तळवा झाकणावर ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, मग बोटं खाली घेतली. अंगठा सगळ्यांना दिसत होता. तिने श्वास घेतला, खांदा पुढे आणला, आणि तिच्या मनगटावरच्या दोन बांगड्या एकमेकींवर सरकून थांबल्या. सत्यजीतने फोन खाली ठेवला. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी मीटरकडे बघत होते, कारण ते माझं काम होतं. आकडा हलला. शून्य पूर्णांक सहा. शून्य पूर्णांक नऊ. एक पूर्णांक एक, आणि तिथे तो थांबला. तिच्या नाकातून श्वासाचा बारीक आवाज येत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग आकडा परत हलला.

झाकण सुटलं. मीटरने धरून ठेवलेला आकडा होता एक पूर्णांक चार न्यूटन-मीटर.